उरले साडेचार जीबी

दिवस ३१ जानेवारी २०१७, मंगळवार. पुढच्या सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत. भारतीय वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवायचे. हा घटनाक्रम २३:२७ ला येऊन आदळतो. भारतात तेव्हा १ फेब्रुवारीच्या पहाटेचे ४ वाजून ५७ मिनिटं झाली होती.

गिटलॅब डॉट कॉम ही प्रोग्रॅमर मंडळींची जागा. कोड तिथे ठेवायचा, त्यावर चर्चा करायची, चुका नोंदवायच्या. कोडच्या रिपॉझिटरी वेगळ्या फाइल सर्व्हरवर होत्या. बाकीचं सगळं, म्हणजे सदस्यांची खाती, प्रकल्पांच्या नोंदी, तक्रारी, प्रतिक्रिया, एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. आकार सुमारे ३०० जीबी.

डेटाबेससाठी लिनक्सचे दोन सर्व्हर होते, दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर भाड्याने घेतलेले. डीबी-१ हा मुख्य, सगळा भार त्याच्यावर. डीबी-२ त्याची चालती प्रत. डीबी-१ पडला तर त्याची जागा घ्यायला उभा. दोघांच्या पूर्ण नावांत फरक एका अंकाचा. डेटा ज्या डिरेक्टरीत होता तिचा पत्ता दोन्हीकडे अक्षरशः सारखा.

सुमारे १ वर्ष आधी

डेटाबेसला एका वेळी किती जोडण्या घेता येतील याचा आकडा कुणीतरी ८,००० करून ठेवला. पोस्टग्रेससाठी हा आकडा फारच मोठा आहे. पण काही बिघडलं नाही, म्हणून कुणी परत तिकडे पाहिलं नाही.

रोज, २४ तासांतून एकदा

ठरलेल्या वेळी एक काम आपोआप सुरू होई: पीजी_डंप या आज्ञेने पूर्ण डेटाबेसची प्रत काढायची आणि ती अमेझॉनच्या एस-३ साठवणीत ठेवायची. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता. प्रत काढणारा सर्व्हर मात्र वेगळा होता. कोणती आवृत्ती वापरायची हे तो डेटाच्या डिरेक्टरीतली एक छोटी फाइल वाचून ठरवत असे. त्याच्याकडे डेटाबेसच नव्हता, त्यामुळे ती फाइलही नव्हती. फाइल नसेल तर तो ९.२ धरून चाले.

जुन्या आवृत्तीचा पीजी_डंप नव्या आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत काढायला नकार देतो. तो चूक दाखवून थांबतो. इथेही तो थांबत होता.

चूक झाली की ईमेल जावा अशी सोय होती. ईमेल निघतही होती. पण तिच्यावर आवश्यक ती सही नव्हती, आणि बनावट पत्र ओळखण्याच्या डीमार्क नियमानुसार घेणाऱ्या सर्व्हरने ती नाकारली. बॅकअप होत नाही हे सांगणारं पत्र कुणाच्याही पेटीत पडलं नाही. पत्र येत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असाच घेतला गेला.

या घटनेतला सगळ्यात मोठा दोष मला इथे दिसतो, त्या रात्री पुढे दिल्या गेलेल्या चुकीच्या आज्ञेत नाही. ती आज्ञा एका माणसाने एका क्षणी दिली. पत्र न येणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं.

१७:२० — उरलेला वेळ ६ तास ७ मिनिटं

एक अभियंता चाचणीच्या यंत्रणेवर काम करत होता. डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरमध्ये वाटता येईल का, हे त्याला पीजीपूल नावाचं साधन वापरून पाहायचं होतं. चाचणीला ताजा डेटा हवा. खऱ्या डेटाबेसची एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे लिनक्सच्या साठवणीची त्या क्षणीची गोठवलेली प्रत, २४ तासांतून एकदा आपोआप घेतली जाई आणि चाचणीच्या सर्व्हरवर चढवली जाई. तेवढा वेळ थांबायची त्याची तयारी नव्हती. त्याने हाताने एक स्नॅपशॉट घेतली आणि चढवली.

हे बॅकअपचं काम नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

१८:०० ते १९:०० — उरलेला वेळ साधारण ५ तास

डेटाबेसवरचा भार चढू लागला. स्पॅम टाकणारे लोक स्निपेट, म्हणजे कोडचे छोटे तुकडे, धडाधड तयार करत होते. टीमने काही आयपी पत्ते अडवले, स्पॅम करणारी खाती काढली. एका खात्याची रिपॉझिटरी कुणीतरी फाइल वाटपाचं केंद्र म्हणून वापरत होतं आणि त्या एकाच खात्यात ४७,००० आयपी पत्त्यांवरून लोक शिरत होते. तेही काढलं.

भाराचं आणखी एक कारण नंतर कळलं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी खोडसाळपणे गैरवापराची तक्रार केली होती. तक्रार पाहणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की हे आपल्याच माणसाचं खातं आहे. खातं पुसण्याचं काम रांगेत लागलं. त्या खात्याशी जोडलेल्या नोंदी खूप होत्या, आणि त्या सगळ्या पुसायचं काम मागे चालू होतं.

२१:०० — उरलेला वेळ २ तास २७ मिनिटं

डेटाबेसमध्ये लिहिणं अडकलं. साइट अधूनमधून बंद पडू लागली. प्रकरण वर गेलं, आणखी माणसं कामाला लागली.

२२:०० — उरलेला वेळ १ तास २७ मिनिटं

अलार्म वाजला. डीबी-२ मागे पडला होता.

डीबी-१ वर होणारा प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहिला जातो. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी ती असते. डीबी-२ ती वाचत जातो आणि तेच बदल स्वतःकडे करतो. त्या संध्याकाळी डीबी-१ वर इतकं लिहिलं जात होतं की डीबी-२ ला वाचून पुरं होईना. अंतर ४ जीबीच्या आसपास गेलं. डीबी-१ ने जागा मोकळी करायला जुनी पानं काढून टाकली, आणि त्यांतली काही डीबी-२ ने अजून वाचलेली नव्हती.

ही पानं दुसरीकडे साठवून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. गिटलॅबने ती चालू केलेली नव्हती. आता डीबी-२ ला सुरुवातीपासून पुन्हा भरण्यावाचून मार्ग नव्हता.

हे काम ज्या अभियंत्याकडे आलं, त्याच्या गावच्या घड्याळात रात्रीचे ११ वाजले होते. तो काम संपवून उठणारच होता. हे समोर आलं, म्हणून थांबला.

२२:०० नंतर

पुन्हा भरण्याची पद्धत अशी: डीबी-२ वरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची, मग पीजी_बेसबॅकअप ही आज्ञा द्यायची. ती डीबी-१ वरून सगळं उतरवून आणते.

डीबी-२ ची डिरेक्टरी रिकामी करण्यात आली. ठरल्याप्रमाणे, योग्य सर्व्हरवर, योग्य आज्ञा.

या क्षणापासून चालू डेटाबेसची प्रत एकच उरली, डीबी-१ वरची. हा निर्णय चुकीचा नव्हता. पद्धतच तशी होती. पण पुढच्या तासाभरात जे काही होणार होतं, त्याला पाठीशी कुणी नव्हतं.

पीजी_बेसबॅकअप सुरू केलं. काही झालं नाही. सविस्तर माहिती दाखवण्याचा पर्याय दिलेला होता, तरी पडद्यावर एक ओळ आली नाही.

पुन्हा सुरू केलं. काही प्रयत्नांनंतर एक संदेश आला: मुख्य सर्व्हरकडे प्रतीसाठी लागणाऱ्या जोडण्या पुरेशा नाहीत.

प्रतीसाठीच्या या जोडण्यांची मर्यादा ३ होती, ती ३२ केली. हा बदल लागू व्हायला डीबी-१ बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. बंद झाला, पण चालू होईना. सेमाफोर, म्हणजे दर जोडणीमागे लिनक्सकडून घ्याव्या लागणाऱ्या समन्वयाच्या खुणा, फार होत आहेत, अशी तक्रार आली. वर्षभरापूर्वीचा तो ८,००० चा आकडा आता आडवा आला. तो २,००० वर आणला, मग पोस्टग्रेस उठला.

पीजी_बेसबॅकअप पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच शांतता.

२३:०० — उरलेला वेळ २७ मिनिटं

एका अभियंत्याने एस-ट्रेस लावून पाहिलं. एखादा प्रोग्रॅम लिनक्सच्या गाभ्याकडे नेमकं काय मागतो आहे, हे त्यातून दिसतं. दिसलं ते इतकंच की प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसला आहे. कशाचं उत्तर, हे त्यातून कळेना.

प्रोग्रॅम बरोबर चालला होता. मुख्य सर्व्हरने प्रत द्यायला सुरुवात करेपर्यंत पीजी_बेसबॅकअप काही न बोलता थांबतं. याला १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, हे टीममधल्या दुसऱ्या एका अभियंत्याला माहीत होतं. पण टीमच्या कार्यपुस्तिकेत ते लिहिलेलं नव्हतं, आणि पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातही स्पष्ट नव्हतं. कीबोर्डवर हात असलेल्या माणसापर्यंत ते पोचलं नाही.

त्या जागी ‘दहा मिनिटं थांबा’ एवढी एक ओळ असती, तर त्याने थांबून पाहिलं असतं, असं मला गिटलॅबने नंतर दिलेला वृत्तांत वाचताना प्रत्येक वेळी वाटतं.

२३:०० नंतर

अभियंत्याच्या मनात शंका आली. डिरेक्टरी रिकामी आहे, पण ती आहे हेच कदाचित या आज्ञेला चालत नसेल. डिरेक्टरीच काढून टाकली तर?

शंका वावगी नव्हती. डीबी-२ वर ती डिरेक्टरी खरोखरच रिकामी होती, काढून टाकली असती तर काही गेलं नसतं.

त्याच्यासमोर दोन्ही सर्व्हर उघडे होते. मर्यादा बदलायला, पोस्टग्रेस उठवायला तो डीबी-१ वर जाऊन आला होता. प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेच्या ओळीआधी दिसणारा मजकूर, जवळजवळ सारखा, डिरेक्टरीचा पत्ता सारखा.

त्याने सुडो, म्हणजे सर्वाधिकार, लावून आरएम -आरएफ ही काही न विचारता सगळं काढून टाकणारी आज्ञा दिली.

एक-दोन सेकंद गेले. त्याची नजर सर्व्हरच्या नावावर गेली. १ होता.

२३:२७

आज्ञा थांबवली.

सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

दोन सेकंदांत इतकं कसं जातं, हा प्रश्न कुणालाही पडेल. लिनक्समध्ये फाइल काढणं म्हणजे तिच्यातले बाइट पुसणं नव्हे. फाइलचं नाव आणि जागेचा हिशेब सुटतो, जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, इतकंच. त्यामुळे फाइल मोठी असली म्हणून फारसा जास्त वेळ लागत नाही. पोस्टग्रेस मोठ्या तक्त्यांचे एक-एक जीबीचे तुकडे करून ठेवतो. तीनशे जीबी म्हणजे लाखो फाइली नव्हेत. आणि लिनक्सच्या या आज्ञेला कचरापेटी नाही.

डिस्क धडधाकट होती. अझूरच्या साठवणीत प्रत्येक बाइटच्या किमान ३ प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या असतात. एखादी डिस्क मेली असती, तर कुणाला कळलंही नसतं. कार्यालयातल्या सर्व्हरवर ४ डिस्कचं रेड, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी जोडणी, लावून निर्धास्त झालेल्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यायला हवं. डिस्क बिघडली तर ही रचना वाचवते. डिस्क ठीक आहे आणि आज्ञा चुकली, तर ती आज्ञा सगळ्या प्रतींवर तितक्याच इमानाने पाळली जाते.

२३:२७ नंतर

साइट खाली घेतली. तातडीच्या दुरुस्तीची सूचना लावली.

ज्याने आज्ञा दिली होती, त्याने सांगितलं की आज यापुढे आपण सुडो लावून काहीही चालवू नये हे बरं. दुसऱ्यांनी सूत्रं घेतली.

शोध सुरू झाला. बॅकअपच्या किंवा प्रतीच्या एकूण ५ सोयी होत्या, अशी समजूत होती.

डीबी-२: रिकामा. त्यांनीच तासाभरापूर्वी रिकामा केलेला.

रोजचा पीजी_डंप: आधी काही फाइली सापडल्या, आकार काही बाइट. मग एस-३ ची बकेट उघडली. त्यात काहीच नव्हतं.

अझूरच्या डिस्क स्नॅपशॉट: फाइल सर्व्हरसाठी चालू होत्या. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हत्या, कारण डेटाबेसला इतर बॅकअप आहेतच, असं धरलेलं होतं.

चाचणीच्या सर्व्हरवर जाणारी प्रत: तिच्यातून वेबहुक वगळलेले. वेबहुक म्हणजे लोकांनी आपापल्या यंत्रणा गिटलॅबशी जोडण्यासाठी लावलेले दुवे. चाचणी करताना चुकून खऱ्या लोकांच्या यंत्रणांना निरोप जाऊ नयेत, म्हणून प्रत चढवताना ते काढले जात. खबरदारी रास्त होती. तिच्यामुळे आता या प्रतीतही एक भोक होतं.

राहता राहिली एलव्हीएम स्नॅपशॉट. नेहमीच्या वेळेची स्नॅपशॉट जवळजवळ २४ तास जुनी असू शकली असती. पण १७:२० ला कुणीतरी पीजीपूलच्या चाचणीसाठी हाताने एक घेतली होती. ती ६ तास जुनी होती.

इतकंच हातात होतं.

गिटलॅबने स्वतःच लिहिलं की ५ पैकी एकही सोय नीट चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती. हे वाक्य त्यांनी लपवलं नाही. ते त्या रात्रीच्याच जाहीर टिपणांत होतं.

१ फेब्रुवारी, ००:३६

पहिलं काम: चाचणीच्या सर्व्हरवरच्या डेटाची आणखी एक प्रत काढणं. यापुढे कुठल्याही गोष्टीची एकच प्रत राहू द्यायची नव्हती.

००:५५

चाचणीच्या सर्व्हरची साठवण डीबी-१ ला जोडली.

०१:०५

एक फाइल सर्व्हर तात्पुरती जागा म्हणून ताब्यात घेतला.

०१:१८

डीबी-१ वर जे काही उरलं होतं, नोंदवहीच्या पानांसकट, ते एका गाठोड्यात बांधून बाजूला ठेवलं. तुटकं असलं तरी टाकायचं नाही. कोसळलेल्या यंत्रणेवर काम करताना हा क्रम पाळायचा असतो: आधी आहे ते जपा, मग दुरुस्तीला हात लावा. त्या रात्री दमलेल्या माणसांनी तो काटेकोर पाळला.

०१:५८

चाचणीच्या सर्व्हरवरून डीबी-१ कडे डेटा आणणं सुरू झालं.

चाचणीचा सर्व्हर स्वस्तातला होता. चाचणीलाच तर वापरायचा, म्हणून वेगवान डिस्क घेतलेल्या नव्हत्या. डेटा सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट या गतीने निघू लागला, म्हणजे साडेसात मेगाबाइट. कागदावर हिशेब मांडला तरी ३०० जीबीला ११ तासांहून जास्त होतात, आणि कागदावरचा वेग प्रत्यक्षात टिकत नाही.

०२:००

साइटच्या जागी दिसणाऱ्या पानावर काय घडलं ते लिहिलं. कंपनीने टीमची अंतर्गत टिपणं जगाला वाचायला खुली केली. पुढे यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही लावलं. अभियंते काम करत होते, एकमेकांशी बोलत होते, अनोळखी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. एका वेळी सुमारे ५,००० जण बघत होते. काही तास ते यूट्यूबवरचं दुसऱ्या क्रमांकाचं थेट प्रक्षेपण होतं.

बघणाऱ्यांत बहुतेक याच धंद्यातली माणसं असावीत. ट्विटरवर त्यांनी धीर देणारे निरोप पाठवले. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला अशी रात्र कुणी समजावून सांगावी लागत नाही.

०४:००

फाइलींच्या संख्येने मोजलं तर ५६.४ टक्के काम झालं होतं.

भारतात सकाळचे साडेनऊ वाजले होते. गिटलॅबवर कोड ठेवणाऱ्या इथल्या प्रत्येक टीमचा त्या दिवसाचा कामाचा वेळ आता सुरू होत होता. संपूर्ण दिवस साइट बंद राहणार होती. इथे तो भर बुधवार होता. दीड तासाने, अकराच्या ठोक्याला, तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली लोकसभेत अर्थसंकल्प मांडायला उभे राहायचे होते. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येण्याचं ते पहिलंच वर्ष. वृत्तवाहिन्यांवर दिवसभर दुसरं काही असणार नव्हतं.

०७:००

शोधताना चाचणीच्या सर्व्हरवर डेटाची आणखी एक प्रत सापडली, वेबहुक काढण्याच्या आधीची. ती वापरता यावी म्हणून एक वेगळा सर्व्हर उभा केला. त्याची मेमरी १२० जीबीपर्यंतच, खरी साइट त्याच्यावर चालवता येण्यासारखी नव्हती. पण त्या प्रतीतून वेबहुक परत मिळवता येणार होते.

सकाळभरात पहिल्यांदा काहीतरी परत मिळेल असं दिसलं.

०८:०७

आकाराने मोजलं तर ४२ टक्के.

पहाटेचा ५६ चा आकडा फाइलींच्या संख्येचा होता. छोट्या फाइली आधी गेल्या, मोठ्या मागे राहिल्या. सहा तास उलटून गेले होते आणि निम्मंही आलेलं नव्हतं. करण्यासारखं कुणाला काही नव्हतं. वेग वाढवता येत नव्हता आणि मध्ये हात घालण्याची आता कुणाची तयारी नव्हती.

१७:००

डेटाबेस परत उभा राहिला. वेबहुक अजून नव्हते.

वेगळ्या सर्व्हरवरच्या प्रतीतून वेबहुकचा तक्ता बाहेर काढला आणि मुख्य डेटाबेसमध्ये भरला.

आणखी एक काम करावं लागलं. डेटाबेस प्रत्येक नव्या नोंदीला चढता क्रमांक देतो. ३१ च्या १७:२० नंतर दिले गेलेले क्रमांक आता कुठेच नव्हते, पण ते बाहेरच्या जगात पोचलेले असू शकत होते: कुणाच्या ईमेलमध्ये, कुणाच्या ब्राउझरच्या खुणांमध्ये. तोच क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या नोंदीला मिळाला असता, तर जुना दुवा परक्या माणसाच्या कामावर उघडला असता. म्हणून सगळ्या क्रमांकांची मोजणी १ लाखाने पुढे ढकलली.

१८:०० च्या सुमारास

तपासण्या संपल्या. साइट लोकांसाठी खुली झाली. भारतात रात्रीचे साडेअकरा.

कोडच्या रिपॉझिटरी शाबूत होत्या. त्या या डेटाबेसमध्ये नव्हत्याच. ३१ जानेवारीच्या १७:२० पासून मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये झालेले बदल मात्र कायमचे गेले. गिटलॅबच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती.

आकडे म्हणून हे लहान आहेत, आणि तसे ते सगळीकडे छापलेही गेले. पण ७०० माणसांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा खातं उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पासवर्ड चालला नाही, कारण यंत्रणेच्या लेखी ती माणसं कधी आलीच नव्हती. कुणीतरी एखाद्या अवघड चुकीचं कारण शोधून तासभर बसून प्रतिक्रियेत लिहिलं असेल. तेही त्या पाच हजारांत असेल.

१० फेब्रुवारी

गिटलॅबने सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. आज्ञा देणाऱ्याचं नाव त्यात नाही. वृत्तांत दोन प्रश्न घेऊन प्रत्येकाच्या मुळाशी ‘का’ विचारत जातो: साइट का पडली आणि परत यायला १८ तास का लागले.

दुसऱ्या प्रश्नाची उतरंड अशी आहे. परत यायला वेळ का लागला? कारण संथ डिस्कवरच्या प्रतीवरून आणावं लागलं. रोजच्या बॅकअपवरून का नाही? कारण ते होत नव्हते. होत नाहीत हे का कळलं नाही? कारण ईमेल नाकारल्या जात होत्या. बॅकअप परत चढवून कधी पाहिले का नाहीत? कारण ते काम कुणाचंच नव्हतं. जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिलेली नव्हती.

त्याखाली दुरुस्त्यांची यादी आहे. सर्व्हरच्या प्रॉम्प्टमधून तो कोणता आणि कोणत्या यंत्रणेतला हे ठळक कळावं. नोंदवहीची पानं साठवण्याचा मार्ग पाहावा. स्नॅपशॉट तासाला घ्यावी. बॅकअपवर देखरेख असावी. आणि काढलेला बॅकअप खरोखर चढतो का, हे आपोआप तपासलं जावं. बॅकअपच्या कामाला आता एक जबाबदार माणूस असणार होता.